हिराकाकींची परदेशी शाळा

हिराकाकी कुठलाही सिनेमा मी त्याचा शेवट पाहून दाखला दिल्याशिवाय सुरू करत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षभरात मी एकतीस सिनेमांची शेवटची वीस-वीस मिनिटं पाहिली आहेत. सुरुवात फार थोड्यांची.

सगळे सिनेमे एकाच घराण्यातले. परदेशातली शाळा, नववी-दहावीतला एक मुलगा आणि त्याला आवडणारा दुसरा मुलगा. कधी दोघी मुली. मला सकाळी डबा भरताना एवढंच तपासायचं असतं की दोघं जिवंत आहेत का आणि शक्यतो हसताहेत का. मग मी तिसऱ्या मजल्यावर फोन करून सांगते, "काकी, हरकत नाही." दुपारी तीनला काकींचा टीव्ही लागतो.

काकी एकोणसत्तर वर्षांच्या. सुकापूरला आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर. त्या बदल्यात तीन फ्लॅट मिळाले. दोन भाड्याने दिलेत आणि तिसऱ्यात काकी, भिंतीएवढा टीव्ही आणि सुक्या बोंबलांचा वास असे राहतात. या वासाबद्दल सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे चार लेखी तक्रारी आल्या होत्या. मी चारही तक्रारदारांकडे काकींच्या हातच्या बोंबलांचा एकेक डबा पोचता केला. पाचवी तक्रार आली नाही.

सिनेमांचं खूळ लावलं माझ्या मुलीने, मुक्ताने. ती कॉलेजच्या सुट्टीत आली असताना काकींनी तिला विचारलं, "पोऱ्याला पोऱ्या आवडतो, असं काय हाय का गो टीवीवर?" मुक्ताने जरा चमकून, मग आनंदाने, एक सिनेमा लावून दिला. त्यात शेवटी मुलगा मरतो. संध्याकाळी काकी माझ्या दारात. "बाय, तुज्या पोरीनं मना फसवली. मेलेली पोरं बगायला बातम्या हायत की! सिनेमा कशाला?" तेव्हापासून शेवट तपासण्याचं काम माझ्याकडे आलं.

काकींना इंग्रजी येत नाही. हिंदी आवाज लावून पाहिला, तो त्यांनी पाच मिनिटांत बंद केला. "हिंदीत बोलला की पोऱ्या खोटा वाटतो," म्हणाल्या. मी विचारलं, मग कळतं कसं?

"कलायचं काय हाय त्यात? पोऱ्या दाराशी उबा हाय. हात वर केलाय, पन दार वाजवत नाय. याला भाषा लागते?"

सिनेमांची नावं त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच ठेवली आहेत. 'पोहणारा', 'दोन चष्मे', 'बापाची टोपी', 'वाटाणे'. 'वाटाणे'मध्ये रोज रात्री आई मुलाच्या ताटात नुसते उकडलेले वाटाणे वाढते. काकींचं निदान असं की मुलगा घरात बोलत नाही तो वाटाण्यांमुळे. "त्याला एक दिवस सुकटीची चटनी घालून बग. घडाघडा बोलंल."

परदेशी शाळांबद्दल त्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. मुलं सारखी व्हरांड्यातच असतात, हजेरी कोणी घेत नाही. प्रत्येक पोराला स्वतःचं कपाट. "आमच्या शालेत मास्तरला कपाट नवतं!" आणि सगळ्यात मोठा राग, मुलं एकमेकांच्या खोलीत खिडकीतून चढतात याचा. "जिना हाय ना, मेल्या! आई खाली बसलीय, तिला हाक मार नि वर जा. ती काय खाते काय तुला?" मात्र प्रत्येक सिनेमात त्या मुलाची एक मैत्रीण असते, जिला सगळं सर्वांच्या आधी समजतं, तिच्यावर काकींचा जीव. ती पडद्यावर आली की त्या मान डोलावतात. "ही पोरगी कामाची हाय."

मी हे सगळं म्हातारपणचं खूळ म्हणून घेत होते. एके दुपारी त्यांनी मला चहाला बसवलं आणि म्हणाल्या, "तू याद्या करतेस ना? मना एक यादी करून दे. पोऱ्यानं सांगितल्यावर आई काय करते, ती."

मग कारण कळलं. काकींचा एकुलता मुलगा नितीन बंगळूरला असतो, वय चव्वेचाळीस. वर्षापूर्वी त्याने फोन केला. म्हणाला, "आई, आता लग्नाचं विचारू नकोस. मी आणि श्रीकांत आठ वर्षं एकत्र राहतोय. मित्र म्हणून नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

काकींनी बशी खाली ठेवली. "मी बोल्ले, जेवलास का?"

तो 'हो' म्हणाला आणि फोन ठेवला गेला. त्यानंतर दर रविवारी तीन मिनिटांचा फोन: पाऊस, रक्तदाबाची गोळी, ठेवतो. गणपतीला तो आला नाही. आता पुढच्या महिन्यात तीन दिवसांसाठी येणार होता. "या टायमाला मना नीट बोलायचंय, बाय. पुन्यांदा 'जेवलास का' निगालं तोंडातून, तर तो परत येयाचा नाय."

प्रत्येक सिनेमातला तेवढाच प्रसंग शोधून मी यादी केली. एकतीस आयांपैकी अकरा जणींनी सोफ्यावर बसवून भाषण केलं. नऊ जणींनी सरळ मिठी मारली, चौघी आधी ओरडल्या आणि मग मिठी मारली. दोघी कामावर होत्या, तिथे बापाने निभावलं. उरलेल्या पाच जणी गाडी चालवता चालवता बोलल्या.

भाषण काकींनी लगेच खोडलं. "मी काय सरपंच हाय?" मिठीवर जरा विचार केला. "पाचवीत गेल्यावर मी त्याला कदी जवल घेतला नाय. आता एकदम घेतला, तर त्याला वाटंल मना मोठा आजार झाला." गाडीवर मात्र बोट थांबलं. "ही बरी. तोंडाकडं बगावं लागत नाय."

सिनेमात गाडी आईच चालवते, म्हणून गाडी शिकायचा बेत निघाला. तो मी सेक्रेटरीच्या अधिकारात रद्द केला. ठरलं ते असं: गाडी माझी, चालवणार मी, नितीन माझ्या शेजारी, काकी मागे. "तू फकत पुडं बगायचं," मला सूचना मिळाली. "कान बंद." कान बंद होत नाहीत, असं मी म्हटलं. "मग ऐक. पन यादी करू नको."

तालीमही झाली. पुढच्या सीटवर नितीनऐवजी कांद्याची गोणी. ती ठेवली की गाडी पट्ट्यासाठी कोकलायची, म्हणून गोणीला पट्टा लावला. काकी मागून म्हणाल्या, "नितीन." मग नवीन पनवेलचा अख्खा फेरा झाला तरी पुढचा शब्द नाही. शेवटी उसासा टाकून म्हणाल्या, "कांद्याशी नाय बोलता येत."

नितीन आला. केस विरळ झालेले, बोलणं मऊ, ताटात वाढलेलं सगळं निमूट खाणारा. पहिला दिवस दोघांनी मिक्सर का आवाज करतो या विषयावर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी जाहीर केलं, "उरनला जायाचं. मासली आनायला."

"आई, पनवेलला मासळी मिळते की."

"ती बी उरनचीच. मदी कशाला कोन?"

निघालो. सिनेमातल्या गाड्या रिकाम्या रस्त्यावरून जातात, दोन्हीकडे झाडं. उरणच्या रस्त्यावर पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि शेजारी कंटेनर. अर्धा तास तसेच सरकत राहिलो. मग सगळं थांबलं. मी पुढच्या कंटेनरचा नंबर पाठ केला.

"नितीन," मागून आवाज आला.

"हं."

"तू फोनवर बोल्लास. मी तवा 'जेवलास का' बोल्ले."

नितीनने पट्टा मुठीत धरला. "हो."

"ते चुकलं माजं."

मग तो हळूच म्हणाला, "चुकलं नाही गं. मी जेवलो नव्हतो त्या दिवशी. तुला सांगायचं म्हणून सकाळपासून काही खाल्लं नव्हतं."

"मग हो कशाला बोल्लास, मेल्या?"

नितीन हसला. पुढचा कंटेनर दहा फूट सरकला, मीही सरकले.

"त्या श्रीकांतला घेऊन ये पुडच्या टायमाला," काकी आता धीट झाल्या होत्या. "काय आवडतं त्याला? बोंबील? निवट्या?"

"आई, तो शाकाहारी आहे."

आरशात पाहायचं नाही असं ठरलं होतं, पण मी पाहिलं. काकींचा चेहरा पडला होता. "एकतीस सिनेमे बगितले," त्या पुटपुटल्या. "एकात पन ह्ये नवतं." मग मोठा श्वास घेऊन म्हणाल्या, "असूंदे. वालाचं बिरडं करीन."

नितीनने रुमाल काढून डोळे पुसले, हसून की कसे ते मी पाहिलं नाही. मला वाटलं, काम झालं. पण काकींचं खरं काम अजून बाकीच होतं.

"शालेत कोन होता रे?"

"काय?"

"नववी-दहावीला. कोन आवडायचा तुला? सगल्यांना कोन ना कोन असतो. मना माईत हाय."

"आई! ताई बसल्यात इथे."

"ती पुडं बगते हाय."

नितीनचे कान लाल झाले. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचे कान इतके लाल होतात हे मला नवीन होतं. "महेश," तो म्हणाला.

"गिरनवालीचा म्हेश? पेटी वाजवायचा तो?"

"तोच."

"शेवंतीचा पोऱ्या!" काकींनी माझ्या सीटवर थाप मारली. "ती मेली माजं दलन कायम शेवटी ठेवायची. बरं झालं नाय जुललं. माजं तिच्याशी एक दिवस पटलं नसतं!"

आता आम्ही तिघंही हसत होतो. शेजारचा कंटेनरवाला वाकून बघायला लागला. काकी आधी थांबल्या.

"त्याला सांगितलावतास?"

"नाही."

"मैत्रीण होती कोन? सगलं माईत असलेली?"

"कोणालाच माहीत नव्हतं, आई."

काकींनी पदर सारखा केला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी पाटे मिठागरावर जायची. येयाची तवा तू गप जेवत असायचास. मी लोकांना सांगायची, माजा पोऱ्या किती शाना, एक शब्द बोलत नाय. तुजी शाला मी बगितलीच नाय रे. म्हनून त्या लोकांची बगत बसते." त्यांनी नाक ओढलं. "आता तू सांग. सगलं सांग. तो वर्गात कुटं बसायचा?"

नितीनने पट्टा सोडला आणि सीटवर पूर्ण मागे वळून आईच्या समोरासमोर झाला.

"तिसऱ्या बाकावर," तो म्हणाला. "खिडकीकडे. आणि मी बरोब्बर त्याच्या मागे."

पुढचा कंटेनर निघाला. रस्ता चांगला दोनशे पावलं मोकळा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले. मी गिअर टाकला, तेवढ्यात खांद्यावर काकींचा हात आला.

"थांब गो बाय," त्या म्हणाल्या. "तो सांगतोय."