सुकलाल नानाची हिरवी बुरशी

सुकलाल नानाच्या घरात पंखा एकच, आणि पेरणीच्या दिवसांत तो हरभऱ्याच्या बियाण्यासाठी फिरतो. बियाणं आत सावलीत गोणपाटावर पसरलेलं, नाना बाहेर ओट्यावर घाम पुसत बसलेला. कोणी हसलं की म्हणतो, "मी मरी गऊ तरी चाली. ट्रायको मराले नको."

ट्रायको म्हणजे ट्रायकोडर्मा. हिरवट बुरशी असते ती. हरभऱ्याला मर लागते तीही जमिनीतल्या बुरशीनंच. उभं झाड दोन दिवसांत मान टाकतं, उभं चिरलं तर मूळ आतून काळं. नाना त्या बुरशीवर ही बुरशी सोडतो.

नाना अमळनेरला एस.टी.त कंडक्टर होता. गाडी सुटली, पण बोलणं अजून गाडीतलंच आहे. "आबा, गाडी लागनी का तू खिडकीमाईन रुमाल टाकस ना? तसंच शे. रोगनी बुरशी मुळवर येवाना आधी आपला मानूस बठ्ठी सीटं धरी लेस."

मी म्हटलं, "रुमाल उचलीसन बसनारा बी ऱ्हातस."

"मनी गाडीमा नई," नाना म्हणाला.

नियम फार त्याचे. तंबाखू मळलेल्या हातानं बियाण्याला शिवायचं नाही. फवारणीचा पंप ओट्यावर टेकवायचा नाही. एकदा सरपंच कपाशी फवारून तसाच बियाणं मागायला आला, तर नानानं त्याला अंघोळीला विहिरीवर पाठवलं. सरपंच मुकाट गेला.

आता माझं सांगतो. माझी सुमन गेली त्याला दीड वर्ष झालं. तिच्या माहेरचा, यावलकडचा, बारीक दाण्याचा हरभरा ती दरसाल राखेत घालून ठेवायची. दुकानात तो मिळत नाही. तिच्या माहेरीही आता कोणाकडे राहिला नाही. मर लागून लागून दरसाल पीक घटत गेलं आणि शेवटी बियाण्याचा एक डबा उरला. तो गेला म्हणजे तिच्या हातचं सगळं गेलं. मी डबा नानापुढे ठेवला. "हाई जगाड," म्हटलं.

नानानं गुळाचं पाणी शिंपडलं, ट्रायको चोळलं, पंखा लावला. दुसऱ्या दिवशी मी डबा घरी आणला आणि शहाणपण केलं. घरात बुरशीनाशकाची पुडी पडली होती. म्हटलं, दोन औषधं म्हणजे दुप्पट जोर. तीही चोळली, पेरून मोकळा झालो, आणि वर नानाला छाती पुढे काढून सांगितलं.

नाना म्हणाला, "बुरशी मारानं औसद तू बुरशीलेच लावं. सीट धरेल मानूसले तूच खाले उतारी दिन्हं."

मी तर हात टेकले. तो टेकायला तयार नव्हता. कुजलेल्या शेणखताचा ढीग घातला, त्यात ट्रायको कालवलं, वर ओली पोती टाकली. रोज पाणी शिंपडायचा, ढिगात हात घालून बघायचा. तापलेल्या लेकराचं अंग बघावं तसा. पंधरा दिवसांत खतावर पांढरं आलं, मग हिरवं. मग घमेलं घेऊन माझ्या रानात, ओळीओळीनं, प्रत्येक झाडाच्या बुडाशी.

"नाना, तुना गुडघा दुखतस," मी म्हटलं.

"गाडीमा उभा राहीसन दुखेत, आठे रानमा वाकीसन दुखतस. फरक काय शे?"

खालच्या कोपऱ्यात मर लागलीच. ती झाडं त्यानं उपटून बांधापलीकडे जाळली आणि मला तिकडे फिरकू दिलं नाही. जागा उघडी पडली तिथं पुन्हा खत टाकलं. बाकी रान मात्र हललं नाही. घाटे धरले, भरले. डबाभर पेरलं होतं, पोतं भरून आलं.

पुढच्या सालाचं बियाणं मी नानाकडेच ठेवायला नेलं. तो पिशव्यांवर खडूनं जात लिहितो. "हाई जातनं नाव काय?"

"नाव नई तिले."

त्यानं लिहिलं, सुमन वहिनी. अक्षर तिकिटावर लिहितात तसं बारीक.

खडू हातातच राहिला. पिशवीकडे बघतच तो म्हणाला, "वहिनी दारवरथून उपाशी जाऊच देई ना. जेवीसन जाय नाना, म्हने. आते बठ्ठं गाव बियानं इचाराले येस. जेवना का, हाई कोनी इचारत नई."

मला दीड वर्षात कोणी विचारलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं.

"चाल," मी म्हटलं. "मनी भाकर जाड व्हस. मधमा कच्ची बी ऱ्हास."

नाना आधीच चपला शोधत होता.