पोळपाटासाठी स्थळ

दगडूतात्यांकडून पोळपाट विकत घेणं हे मुलीला मागणी घालण्यापेक्षा अवघड आहे. मागणी घालायला गेलं की निदान चहा तरी मिळतो. इथे भर जत्रेत, धुरळ्यात उभं राहून उलटतपासणी सोसावी लागते.

तात्या पोलादपूरजवळच्या कापडे गावचे. वर्षभर पोळपाट, लाटणी, पाट, काठवटी करायच्या आणि महाडच्या जत्रेत सतरंजी पसरून बसायचं, हा त्यांचा नेम. मी निवृत्त मास्तर, मला उद्योग नाही, म्हणून मीही शेजारी जाऊन बसतो. गिऱ्हाईक किंमत विचारतं. तात्या पहिला प्रश्न टाकतात, "घरात मान्सं किती?" मग पोळ्या कोण लाटतं, लाटणारीशी घरचे नीट बोलतात का, ओला पोळपाट उभा करून ठेवतात की तसाच मोरीत टाकतात. उत्तर पसंत पडलं नाही तर, "तुमचं स्थळ जमायचं नाय."

पुण्याच्या एका बाईंना पोळपाट दिवाणखान्यात टांगायचा होता. तात्या शांतपणे म्हणाले, "बाय, भितीवर मेलेल्याचा फोटू टांगतात." हिरकणीवाडीच्या एका खानावळवाल्याला डझनभर हवे होते. त्याला दोनच मिळाले, तेही सुट्टीच्या दिवशी दोन्हींना विश्रांती द्यायच्या अटीवर. बिचारा कबूल होऊन गेला.

बरं, विकला की सुटलो असंही नाही. चार महिन्यांनी तात्या एसटीने पत्ता काढत येतात आणि थेट स्वयंपाकघरात शिरतात. तुडीलला एका घरी पोळपाटावर कुकर ठेवलेला दिसला, तर पाणीसुद्धा न पिता परत आले. आमच्याकडेही आले होते. पोळपाटाला कान लावला, बोटाने ठोकून पाहिला आणि माझ्या बायकोला सोडून मलाच म्हणाले, "मास्तर, भिजत पडतोय हा. तुमचं लक्ष कुठं आसतं?" चाळीस वर्षं मी मुलांना दटावलं, पण त्या दिवशी माझी मान खाली होती. तेव्हापासून आमच्या घरात पोळपाट मी पुसतो.

ह्या चौकशांमागचं कारण सगळ्या कापड्याला ठाऊक आहे. तात्यांची एकुलती एक मुलगी रंजना मुंबईला नर्स झाली आणि तिथेच तिने आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा कसा, घर कसं, तात्यांना कुणी विचारलं नाही. "मला चौकशी करू दिली नाय," एवढंच ते म्हणतात. तिने बोलावणी धाडली, हे गेले नाहीत. बारा वर्षं झाली. परक्यांच्या चुलीपर्यंत जाणारा हा माणूस लेकीचा उंबरा चढला नाही. मला ह्या हट्टाचा राग येतो. तसं मी त्यांना सुनावलंही आहे, पण अशा वेळी तात्यांना नेमकं कमी ऐकू येतं.

यंदाच्या जत्रेत दुपारी एक बाई सतरंजीपुढे येऊन बसली. तिने एक पोळपाट उचलला. मी ओळखलं, रंजना. तात्यांनीही ओळखलं असणार, कारण त्यांच्या हातातला पॉलिशपेपर थांबला. मला वाटलं, आता उठून जातात. ते उठले नाहीत. लाटण्यावरची नजर न काढता म्हणाले,

"घरात मान्सं किती?"

"चार. आमी दोघं, सासूबाई, आनि मुलगी. दुसरीत हाय."

"पोळ्या कोन लाटतं?"

"माझी सकाळची ड्यूटी आसली का हे लाटतात."

तात्यांनी मान वर केली. पलीकडे, बांगड्यांच्या दुकानाशी एक चष्मेवाला माणूस उन्हात अवघडून उभा होता. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"गोल येतात काय त्याच्या?"

"गोल नाय येत," रंजना म्हणाली, "पन मऊ येतात. आईंना दात नायत ना, म्हनून जपून करतात."

 तात्या लाटण्यावरून हात फिरवत बसले. 

"सासूला आई म्हनतेस?"

"व्हय."

"मग त्याला उनात कशाला उभा केलायस गो? बोलव."

तो आला, वाकून पाया पडला. सतरंजीवर एक फणसाचा पाट होता, नवा कोरा. तात्यांनी तो ओढला, खांद्यावरच्या पंच्याने दोनदा पुसला आणि भर बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर, जावयापुढे मांडला.

"बसा," ते म्हणाले.