खरेकाकांची मूठ आणि माझा डॅशबोर्ड

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर उजव्या बाजूला एक पांढुरका डाग पडलाय. लोक म्हणतात, शारजाचं ऊन. कसलं ऊन! ते खरेकाकांच्या मुठीचं काम आहे.

खरेकाका शारजातल्या अल नहदात आमच्याच मजल्यावर राहतात आणि त्यांचं ऑफिस दुबईत, माझ्या ऑफिससमोर. त्यामुळे रोज सकाळी ते माझ्या शेजारी बसतात, पट्टा लावतात आणि ट्रॅफिक तुंबला की सुरू होतात. "बुष!" मूठ. "डाग्स." बोट. "का." चापट. "के." परत बोट. "बुष्डाग्सकाके! म्हणजे बर्थडे केक. पहिल्यावर वजन, खलास!"

पहिल्या दिवशी मला वाटलं, काका शिंकले.

साठी ओलांडलेला हा गृहस्थ नॉर्वेजियन शिकतोय. तेही ॲपवरून, कानात इअरफोन घालून. त्या लोकांना म्हणे दोन-तीन शब्द चिकटवून एक लांबलचक शब्द करायची हौस. चिकटवला की पूर्ण वजन, म्हणजे उच्चाराचा जोर, पहिल्या तुकड्यावर, तिथे मूठ; दुसऱ्यावर थोडंसं, तिथे चापट; बाकीचे बिचारे हलके, त्यांना नुसतं बोट. "आपण मराठीत सगळ्या अक्षरांना सारखं वागवतो," काका मला समजावतात, "तिकडे तसं चालत नाही. वजन चुकलं की ते लोक तोंडाकडे बघत बसतात."

"काका, शारजात कोण बसलंय तुमच्या तोंडाकडे बघत?"

"तू गाडी चालव."

काका क्वांटिटी सर्व्हेअर. आख्खा टॉवर विटा, सळ्या आणि फरश्यांमध्ये तोडून मोजण्यात त्यांचा जन्म गेला. कुठलीही गोष्ट तोडल्याशिवाय कळत नाही, हे त्यांचं ब्रीद. घरचा मिक्सरही त्यांनी तोडून समजून घेतला होता. "समजला," शुभाकाकू म्हणतात, "तेव्हापासून मी पाट्यावर वाटते."

गणपतीत तर कहर झाला. खालच्या मजल्यावर आरतीला कुणीतरी काकांच्या हातात टाळ दिले. सगळे मनोभावे गातायत आणि काका डोळे मिटून 'रैन्याके' वाजवतायत. रैन्याके म्हणजे रेनकोट! शारजात! आरतीचा ठेका असा काही घसरला की अर्धे लोक पुढच्या कडव्यावर गेले, अर्धे मागेच राहिले. शेवटी काकूंनी टाळ काढून घेतले आणि हातात प्रसादाची वाटी दिली. काका वाटीवर सुरू झाले.

मी वैतागलो होतो. एका सकाळी सरळ म्हटलं, "बस झालं काका, डॅशबोर्ड फुटेल. कशासाठी चाललंय हे? नातीशीच बोलायचं ना? मोठी झाली की शिकेल ती इंग्लिश."

काकांनी मूठ मांडीवर ठेवली. त्यांची मुलगी मधुरा लग्न करून नॉर्वेला गेली. नात ईडा तिकडचीच. घरात, बालवाडीत तीच भाषा.

"व्हिडिओ कॉलवर मी बोलायला लागलो की ती फोन छताकडे वळवते," काका म्हणाले. "मी आपला दिवा बघत बसतो. ती इंग्लिश शिकेपर्यंत मी असेन का रे? मला भीती वाटते. डिसेंबरात येतेय. तेव्हा तरी तिनं माझ्याशी एक शब्द बोलावा, बस."

त्यानंतर मी डॅशबोर्डबद्दल अवाक्षर काढलं नाही.

डिसेंबरात एअरपोर्टवर मीच गाडी घेऊन गेलो. काकांनी आख्खं वाक्य पाठ केलं होतं. ईडा समोर आली आणि काका गडबडले. सगळ्या अक्षरांना सारखं वागवून मोकळे! पोरगी आईच्या पायामागे लपली.

गाडीत मधुरा आणि ईडा मागे; ईडाची छोटी खुर्ची नेमकी काकांच्या पाठीमागे. अल नहदाच्या सिग्नलला नेहमीप्रमाणे तुंबलो. काका खिडकीबाहेर बघत होते, हात मांडीवर गप्प. मला ते बघवेना. काय सुचलं कोण जाणे, मीच हात लांब करून त्यांच्या डागावर वाजवलं. मूठ, बोट, चापट, बोट.

मग काकांच्या सीटला मागून लाथ बसली. एक जोरात, एक हलकी, एक मधली, एक हलकी. आणि बारीक आवाज आला, "बुष्डाग्सकाके!"

"ईडा, पाय खाली!" मधुरा ओरडली.

"मारू दे गं, मारू दे तिला!" काका जवळजवळ किंचाळलेच.

मधुरा हसायला लागली. "बाबा, हिच्या बालवाडीत असंच शिकवतात. टाळ्या वाजवून शब्द तोडायचे, आणि हिचा लाडका शब्द हाच. तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगणार! काकांनी लगेच डागावर रैन्याके वाजवलं. मागून हसण्याचा फवारा आणि तीन लाथा, अगदी बरोबर. मग तिनं स्वतःहून नवीन काहीतरी मारलं. एक जोरात, एक हलकी, एक मधली. "बेस्तेफार!"

मी काकांकडे पाहिलं. चष्मा काढून ते डोळे पुसत होते.

"काय म्हणाली?"

"आजोबा," काका म्हणाले. "आजोबा म्हणाली रे."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचा गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. म्हटलं, हबीबी, थांब जरा, इथे आमचे काका बोलतायत.