कोळशाच्या खोलीसमोरची रांग

"चाळीस माणसं? अहो अमोसकाका, साठ आणतो! आकडेमोड करून आणतो!"

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन गावी परतलेल्या माणसाने असं बोलू नये, हे मला आता कळतं.

अमोस रिड्सडेल म्हणजे आमच्या थॉर्नबेक गावचे लोहार. ओढ्याच्या पाण्यावर चालणारा दोनशे वर्षांचा अजस्र घण ते दर रविवारी दोन वाजता चालवून दाखवतात. ओढा अडवून केलेल्या तळ्यातलं पाणी जेमतेम अकरा मिनिटं पुरतं. मग तळं भरायला पुन्हा आठवडा! प्रेक्षक मात्र कधी सहा, कधी चार, त्यातला एक कुत्रा. म्हणून वारसा समितीने कळवलं की या रविवारी चाळीस पाहुणे आले तर ठीक, नाहीतर घण कायमचा बंद आणि भट्टीच्या जागेत सुगंधी साबणांचं दुकान!

"साबण!" अमोसकाका असे म्हणाले, जणू कोणी त्यांना आंघोळच घालत होतं.

मी तीन गावांत पत्रकं वाटली. "तुम्ही फक्त दोनच्या ठोक्याला पाणी सोडा," मी काकांना बजावलं, "आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही!"

रविवारी एक वाजता मी भट्टीच्या अंगणातल्या कोळशाच्या खोलीपाशी उभा राहिलो. तिथून फाटकाची करकर नीट ऐकू येते. वही बंद दाराला टेकवून मी दर करकरीला एक रेघ मारत होतो.

मागून कोणीतरी घसा साफ केला. लोकरी टोपीतले एक गृहस्थ.

"माफ करा, रांग हीच ना?"

"हं," मी म्हणालो. मी मोजत होतो हो! तीन, चार...

पावणेदोनला बेरीज केली. त्रेसष्ट! आनंदाने मागे वळलो तर काय, त्रेसष्टच्या त्रेसष्ट माणसं माझ्या मागे, फाटकापर्यंत, मुंग्यांसारखी एकामागे एक! आणि भट्टीचं दार इमारतीच्या पलीकडच्या बाजूला!

"मंडळी, घण तिकडे आहे! इथे काही नाही!"

कोणी हललं नाही.

"वा रे वा!" लोकरी टोपी म्हणाली. "आम्हाला तिकडे पाठवायचं आणि आपण एकट्याने आत शिरायचं!"

"अहो, ही कोळशाची खोली आहे!"

"बाळा," निळ्या छत्रीच्या बाई समजुतीने म्हणाल्या, "मी अर्धा तास उभी आहे. आता जागा सोडली तर पुन्हा शेवटी उभी राहू का?"

"पण आत काहीच नाही!"

"ते आम्ही ठरवू!" मागून कोणीतरी ओरडलं आणि लगेच ओरडल्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली.

मी काकांना थांबवायला धावलो, तेवढ्यात धाड! दोन वाजले होते. धाड! धाड! एकदा घण सुरू झाला की काकांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. मी हातवारे केले. त्यांना वाटलं, मी शाबासकी देतोय. त्यांनी दुप्पट पाणी सोडलं!

परत आलो. "आता दार तरी उघडा!" रांग म्हणाली. उघडलं. आत कोळसा, मोडकी ढकलगाडी आणि झोपलेली मांजर. आठ-आठ जण टोप्या काढून आत गेले, अर्धं मिनिट गंभीरपणे उभे राहिले आणि "फार छान" म्हणत बाहेर आले. दर ठोक्याला भिंती हादरत, छपरातून कोळशाची धूळ झिरपे. "अगदी त्या काळात गेल्यासारखं वाटलं!" छत्रीच्या बाई म्हणाल्या. त्यांचं नाक काळं झालं होतं.

घण थांबला. अमोसकाका घाम पुसत आले. "किती जणांनी पाहिला रे?"

"पाहिला... कोणीच नाही, काका. पण ऐकला त्रेसष्ट जणांनी."

काका मटकन ढकलगाडीत बसले. तेव्हा छत्रीच्या बाईंनी पर्समधून समितीचा कागद काढला. त्या तपासनीस मिसेस थ्रेलफॉल होत्या! रांगेत सत्ताविसाव्या!

त्यांचा अहवाल आम्ही भट्टीच्या भिंतीवर लावलाय. "कोळशाची खोली हे गावाचं उत्कृष्ट आकर्षण. तिच्या परिणामासाठी शेजारचा घण चालू राहणं अत्यावश्यक." साबण गेले दुसऱ्या गावी! अमोसकाकांनी मला मिठी मारली आणि माझा एकुलता एक पांढरा सदरा कायमचा काळा केला.

मलाही समितीने पद दिलं आहे. दर रविवारी एक वाजता मी कोळशाच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून गप्प उभा राहतो. गेल्या रविवारी पाय दुखले म्हणून जरा खाली बसलो. मागे वळून पाहिलं तर अख्खी रांग बसली होती.