लायमन टिडवेलचा वरचा सूर

लायमन टिडवेलचा वरचा सूर गेलाय, हे त्याच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. कूसा व्हॅली चौकडी या ख्रिस्ती भजनं गाणाऱ्या चमूत तो टेनर, म्हणजे चौघांत सगळ्यात वरच्या सुरात गाणारा. त्या शनिवारी अलाबामातल्या एका शाळेच्या खचाखच भरलेल्या सभागृहात स्टेजवर चढताना त्यानं तळहात पँटला पुसले.

त्याच्या तरुणपणी बरं होतं. चौकड्या फिरायच्या त्या प्रकाशकांची भजनांची पुस्तकं खपवायला. छापलं असेल त्या पट्टीत गायचं, पुस्तकं विकायची, चर्चच्या अंगणात तळलेली कोंबडी खायची आणि पुढचं गाव गाठायचं. आता लोक तिकीट काढून येत आणि त्यांना अंगावर काटा हवा असे. म्हणून शेवटचं गाणं रंगलं की पियानोवाला डूली ध्रुवपद पुन्हा पुन्हा घेई, आणि दर वेळी पट्टी चढवी. लोक रुमाल फडकावत. लायमन मात्र डूलीच्या हातांकडे बघत राही.

त्यात आज पहिल्याच रांगेत पेरी स्ट्रिकलंड नावाचा तिशीतला टेनर येऊन बसला होता. त्याला बोलावलं होतं चौकडीच्या मालकानं, खर्जात गाणाऱ्या हॉयटनं. "सहज ऐकायला आलाय," असं हॉयट म्हणाला खरा, पण म्हणताना त्यानं लायमनकडे पाहिलं नाही.

लायमननं डूलीला कोपऱ्यात गाठून विनवलं, की घसा बसलाय, आज एकदाच काय ते चढव. डूलीनं अगदी मनापासून मान डोलावली. पण पियानोवर बसला की डूली माणसात राहत नसे.

शेवटचं गाणं आलं. पहिल्यांदा पट्टी चढली ती लायमननं कशीबशी निभावली. दुसऱ्यांदा चढली तेव्हा त्याच्या गळ्यातून नुसती हवा आली. चौघांत मिळून माइक एकच होता. लायमन हळूच बाजूला सरकला आणि तोंड मात्र भलंमोठं उघडून उभा राहिला. कुणाला काही कळलं नाही. डूलीनं आणखी चढवली, लायमन आणखी सरकला. हॉयट डोळे मिटून गात होता. पेरी मात्र खुर्चीतून पुढे वाकून थेट लायमनच्या तोंडाकडे बघत होता. ह्याला कळलं, लायमनला वाटलं. आता घरी बसायची वेळ आली. तेवढ्यात डूलीनं पट्टी पुन्हा चढवली, आणि पेरीवरची नजर न काढता लायमन आणखी एक पाऊल सरकला.

तिथं स्टेज नव्हता.

तो जिवाच्या आकांतानं किंचाळला. ती किंचाळी नेमकी त्या वरच्या सुरावर लागली, गेल्या कित्येक महिन्यांत लागली नव्हती इतकी स्वच्छ. मग तो स्टेजखाली चर्चच्या बायकांनी विकायला मांडलेल्या केकच्या टेबलावर आदळला.

खोबऱ्याच्या केकमध्ये डोळे मिटून तो लोकांच्या हसण्याची वाट पाहत राहिला. हसलं कुणीच नाही. सगळं सभागृह उभं राहिलं होतं. बायका रडत होत्या. एक म्हातारा सांगत सुटला होता, की याच्या अंगात पवित्र आत्मा संचारला, मी डोळ्यांनी पाहिलं.

नंतर स्टेजमागे बायको त्याच्या कानातलं खोबरं काढत असताना पेरी हॅट हातात धरून तिथं उभ्या असलेल्या हॉयटपाशी आला.

"सूर मी लावीन, ब्रदर हॉयट," तो म्हणाला. "पण असं झोकून देणं माझ्याच्यानं नाही व्हायचं." आणि तो निघून गेला.

लायमनला वाटलं, आता खरं सांगून मोकळं व्हावं. "ब्रदर हॉयट, मी चुकून पडलो हो."

"ते मला दिसलं रे. लोकांना दिसलं नाही ना? सोमवारी कलमन गावी शेवटच्या ध्रुवपदाला हेच करायचं."

लायमनच्या बायकोचा हात थांबला. लायमननं तिथला स्टेज कसा आहे ते विचारलं.

"चांगला उंच आहे," हॉयट कौतुकानं म्हणाला. "फक्त तिथं केक नसतात."