फार्मासिस्ट जेवायला गेलाय

आमच्या कडाव गावात कुणी नवा माणूस आला, की सिस्टर त्याचं नाव-गाव नंतर विचारायच्या. आधी प्रश्न ठरलेला: "रजिस्ट्रेशन हाय का? नंबर सांग."

डॉक्टरला विचारलं तर एक वेळ समजू. सिस्टर कवळ्या बसवणाऱ्याला विचारायच्या, हाडं बसवणाऱ्याला विचारायच्या, कळंबच्या रिसॉर्टवर पाहुण्यांना मालिश करणाऱ्याला रस्त्यात अडवून विचारायच्या. एकदा आमच्या न्हाव्यालाही विचारलं. तो बिचारा म्हणाला, "सिस्टर, मी दाढी करतो हो." तर म्हणाल्या, "वस्तरा गळ्याला लावतोस ना? मंग?" त्यांचा कायदा एकच होता. "ज्याचा हात दुसऱ्याच्या अंगाला लागतो, त्याचा नंबर पायजे."

मागे मूळव्याधीवर हमखास इलाज करणारा एक गृहस्थ टेंपोवर भोंगा लावून गावात आला. पाचपन्नास माणसं जमली. सिस्टर गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "सर्टिफिकेट दाव." तो म्हणाला, "माताजी, ही आमची खानदानी विद्या आहे." सिस्टर म्हणाल्या, "खानदानाचा नंबर दे." दुपारच्या आत टेंपो कर्जतच्या रस्त्याला लागला.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. वय पंचाहत्तरीला टेकलेलं. डोंगराकडच्या वाड्यांतून तीस-पस्तीस वर्षं पायी फिरून बाळंतपणं केली. लग्न केलं नाही. भाऊ होता कर्जतला, तोही गेला. माझा जन्मही त्यांच्याच हातचा. "ह्या दिन्याला पहिला हात लागला तो माझा," असं त्या चारचौघांत सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "रजिस्टर्ड हात व्हता!"

नोकरी सुटून जमाना झाला, तरी दर पाच वर्षांनी सिस्टर नर्सिंगचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायच्या. त्यासाठी व्याख्यानांना हजेरी लावावी लागते. निम्म्या वयाच्या पोरींमध्ये बसून सिस्टर वहीत टिपणं काढायच्या. ऑनलाइन फॉर्म मी भरून द्यायचो. मी एकदा म्हटलं, "आता कुणाला इंजेक्शन द्यायचंय तुम्हांला?" तर म्हणाल्या, "माजं नाव अजून एका यादीत तरी हाय रं. दुसरीकडं कुठं हाय सांग."

मी फॉर्म भरायला घेतला. यादीचा विषय न वाढवायला मला आणखीही एक कारण होतं, आणि ते सांगताना आजही मान खाली जाते.

माझं कडावात मेडिकल स्टोअर आहे. मी कॉमर्सवाला. फार्मसीचा आणि माझा संबंध नाही. दुकानाच्या भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट होतं ते ठाण्याच्या एका माणसाचं, भाड्याने आणलेलं. असं अनेक जण करतात, हे मी स्वतःला रोज सांगायचो. एका दसऱ्याला बायकोने दुकानातल्या फ्रिज-काट्याबरोबर त्या फ्रेमलाही झेंडूचा हार घातला. सर्टिफिकेटवर फोटो होता. गिऱ्हाईक हात जोडून विचारतं, "कधी गेले?" मी म्हटलं, "गेले नाहीत, जेवायला गेलेत."

तेच उत्तर मी अकरा वर्षं सिस्टरना देत आलो. रोज सकाळी नऊला त्या प्रेशरच्या गोळीसाठी यायच्या. महिन्याची पट्टी घरी नेत नसत, रोज एक गोळी कापून मागायच्या. स्टुलावर बसायच्या, फ्रेमकडे बघायच्या.

"फार्मासिस्ट हाय का?"

"जेवायला गेलाय, सिस्टर."

"नऊ वाजता?"

"लवकर जेवतो."

"त्याची शुगर तपास. एवढा जेवतो आन् फोटोत बघ कसा वाळलाय."

मग अर्धा-पाऊण तास बसायच्या. कोणाला कुठली गोळी देतोय ते बघायच्या. दोनदा त्यांनी माझा हात धरला, कारण मी भलतीच पट्टी उचलली होती. दोन्ही वेळा गिऱ्हाइकासमोर काही बोलल्या नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "वाच नीट, दिन्या. माणसं खातात ते." त्यांना सगळं कळत होतं. मलाही ते कळत होतं, आणि तरी मी रोज त्या माणसाला जेवायला पाठवत होतो.

गेल्या वर्षी एका सकाळी ड्रग इन्स्पेक्टर दुकानात शिरले. सिस्टर नेहमीसारख्या स्टुलावर.

"रजिस्टर्ड फार्मासिस्ट कुठे आहेत?"

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "जेवायला गेलेत."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. लायसन गेलंच, हे मला त्या क्षणी कळलं. मग ते सिस्टरकडे वळले. "आजी, तुम्ही रोज येता का इथे? हा फोटोतला माणूस दुकानात असतो?"

मी डोळे मिटले. ज्या बाईने न्हाव्याला सोडलं नाही, ती मला काय सोडणार?

"असतो की," सिस्टर म्हणाल्या. "आत्ताच गेला. माज्या डोळ्यादेखत."

"तुम्ही कोण?"

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. पिशवीतून कार्ड काढलं. "रजिस्टर्ड नर्स. लिहून घ्या नंबर." आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. साहेबांनी तो कागदावर उतरवला, खाली सिस्टरची सही घेतली, मला सक्त ताकीद दिली आणि गेले.

मी हात जोडले. सिस्टरनी गोळी घेतली आणि त्या दिवशी न बसता गेल्या.

दुसऱ्या सकाळी आल्या. मी वाट बघत होतो. त्यांनी फार्मासिस्टचं विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महिन्याभरात मी ती फ्रेम उतरवली, ठाण्याला परत पाठवली आणि कर्जतची एक शिकलेली फार्मासिस्ट बाई कामाला ठेवली. नऊच्या ठोक्याला हजर असते. तिचं सर्टिफिकेट मी सिस्टरना बरोबर समोर दिसेल असं लावलं. सिस्टरनी मान वर केली नाही.

पुढे त्यांच्या रिन्यूअलची तारीख आली. मी कॉम्प्युटर उघडून बसलो. "सिस्टर, कार्ड द्या, फॉर्म भरतो."

"नको."

"अहो, नाव यादीतून निघेल."

"निगू दे. त्याच नंबरावर खोटं बोलले मी. आता दुसऱ्याला त्याचा नंबर कुठल्या तोंडानं विचारू?"

"माझ्यासाठी बोललात ना! पाप माझं आहे."

"तुज्यासाठी कशाला रं?" त्या माझ्याकडे न बघता पिशवीचा बंद आवळत म्हणाल्या. "तुजं दुकान बंद झालं असतं, तर सकाळी मी जायचं कुठं?"

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी कॉम्प्युटर बंद केला. ती तारीख गेली.

सिस्टर अजून येतात. मध्यंतरी कुणी दातवाला येऊन बाजारात बसला. त्याच्यासमोरून त्या मुकाट्याने निघून गेल्या. मी आता रोज नऊला, त्यांनी पायरी चढायच्या आधीच, मोठ्याने सांगतो, "सिस्टर, फार्मासिस्ट हजर आहे!"

"बरं," म्हणतात, आणि गोळीसाठी हात पुढे करतात.