मैद्याचे चोवीस स्टँड

"दोन दिवस वाळू देत. रंग मी आल्यावर देईन. तुम्ही फक्त हात लावू नका," एवढं बजावून बायको डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बहिणीकडे निघून गेली. मागे जेवणाच्या टेबलावर मेणबत्त्यांचे चोवीस स्टँड आणि समोर खुर्चीत नवरा, असे एकमेकांकडे बघत राहिले.

स्टँड मैदा, मीठ आणि पाण्याचे होते. बायकोने ते मळून, थापून, कडेला काट्याने नक्षी काढून मंद आचेवर भाजले होते. वाचनालयाच्या वार्षिक समारंभात ते टेबलाटेबलावर मांडले जाणार होते आणि तिचं नाव स्टेजवरून घेतलं जाणार होतं. आठ वर्षं त्याच समारंभात तिने खुर्च्या मोजल्या होत्या आणि दुसऱ्यांच्या नावांना टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी पत्रिकेतलं स्वतःचं नाव तिने दोनदा चष्मा पुसून वाचलं होतं.

नवरा बत्तीस वर्षं बांधकामांवर सुपरवायझर होता. साइटवर त्याला 'पाणीसाहेब' म्हणत, कारण स्लॅब, खांब, भिंत, दिसेल त्याला पाणी मारायला लावल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. दोन महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला. घरात त्याला कोणी काम सांगत नव्हतं, आणि ते योग्यच होतं. गळणारा एक नळ त्याने दुरुस्त केल्यापासून दोन गळत होते.

पहिल्याच दुपारी पाणीसाहेबांना सातव्या स्टँडवर केसाएवढी भेग दिसली. भेग म्हणजे पाणी कमी पडलं. इतकी साधी गोष्ट बायकोच्या लक्षात येऊ नये याचं त्यांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. हात लावायचा नव्हता. म्हणून त्यांनी इस्त्रीच्या वेळी वापरायची फवाऱ्याची बाटली घेतली आणि दर दोन तासांनी चोवीसही स्टँडना शिस्तीत पाणी मारलं. झोपण्यापूर्वी त्यांच्यावर ओले टॉवेल घातले.

सकाळी टॉवेल उचलले तेव्हा चोवीस स्टँड नव्हते. एकच होता, टेबलाएवढा, आणि तो कडेने ठिबकत होता.

बत्तीस वर्षांत पाणीसाहेबांची एकही इमारत पडली नव्हती. पडली ती निवृत्तीनंतर, घरात, आणि बायकोची. पुन्हा मैदा मळावा तर ते त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. मग त्यांना माळ्यावरची पांढऱ्या सिमेंटची पिशवी आठवली.

पुढचं काम त्यांच्या हातचं होतं. कुंडीतली वाळू चाळली. साच्याला आधी तेल लावावं लागतं, म्हणून स्टीलच्या वाट्यांना आतून बायकोचं केसांचं तेल चोपडलं. त्यात सिमेंट कालवून भरलं, मधे मेणबत्तीपुरता खळगा पाडला आणि कडेला काट्याने तीच नक्षी दाबली. तिसऱ्या दिवशी दुपारी वाट्या उपड्या केल्या, तर चोवीस स्टँड टणाटण बाहेर आले. तेवढ्यात फोन वाजला. बहिणीची पट्टी संध्याकाळी निघणार होती, त्यामुळे बायको परस्पर रात्रीच्या समारंभालाच येणार होती. ग्रंथपाल न्यायला येतील, रंगाशिवायच देऊन टाका, म्हणाली.

"स्टँड ठीक आहेत ना?"

"घट्ट झालेत."

"हात नाही ना लावलात?"

"तुझ्या स्टँडला बोटसुद्धा लावलं नाही," पाणीसाहेब म्हणाले. एवढं एक वाक्य तरी खरं होतं.

ग्रंथपाल कापडी पिशवी घेऊन आले. स्टँड भरून त्यांनी पिशवी उचलली, तेव्हा नुसते बंद हातात आले आणि पिशवी जमिनीवरच राहिली. मैद्याचेच ना, असं त्यांनी विचारलं. घरगुती आहेत, असं पाणीसाहेबांनी सांगितलं. शेवटी रिक्षाच्या दोन फेऱ्या झाल्या.

समारंभात बायको धावतपळत येऊन शेजारी बसली. एक सांगायचं होतं, असं पाणीसाहेबांनी दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ती "नंतर" म्हणाली, कारण स्टेजवर ग्रंथपाल तिच्याविषयीच बोलत होते.

"बाईंचं काम भक्कम आहे," ते सांगत होते. "एक स्टँड माझ्या पायावर पडला. स्टँडला काहीही झालं नाही. बाईंनी आपल्याला कृती सांगावी."

बायको लंगडणाऱ्या ग्रंथपालांजवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्या हातात स्टँड ठेवला आणि तिचा हात कोपरातून खाली गेला. तिने स्टँड उलटा करून पाहिला. नाकाशी नेला. मग सगळ्या डोक्यांवरून तिची नजर नेमकी पाणीसाहेबांवर येऊन थांबली. आता ती खरं सांगणार, आठ वर्षांनी मिळालेलं नाव स्वतःच्या तोंडाने परत करणार, आणि तेही आपल्यामुळे, हे कळून पाणीसाहेबांनी डोळे मिटले.

"कृती सोपी आहे," माइकमधून आवाज आला. "दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी."

बायका लिहून घेऊ लागल्या.

"पण हे फुटत नाहीत, त्याचं कारण सगळं मळण्यात आहे. आणि मळायचं काम आमच्याकडे हे करतात. रविवारी दुपारी सगळ्या घरी या, हे करून दाखवतील. मैदा जिचा तिने आणावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून, आम्ही चाळीसेक जणी होऊ, चालेल ना, असं अदबीने विचारलं. पाणीसाहेबांची मान आपोआप हलली.

बायको जागेवर येऊन बसली आणि पुढच्या नावासाठी टाळ्या वाजवू लागली.

"अगं, रविवारी मी त्यांना काय दाखवू?"

"आज बुधवार आहे," ती स्टेजवरची नजर न काढता म्हणाली. "चार दिवस आहेत. शिका."